कीर्तनात समता, घरात वेगळा कप

पत्र

नमस्कार ताई,

मी सिडकोत राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. लग्नाला अकरा वर्षं झाली. सासरे, त्यांना आम्ही नाना म्हणतो, सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून कीर्तन-प्रवचन हेच त्यांचं आयुष्य. माळकरी आहेत. एकादशी चुकवत नाहीत. पौषात दिंडीबरोबर त्र्यंबकला पायी जातात. सप्ताहांना लांबून बोलावणी येतात. चोखोबांचा प्रसंग सांगायला लागले की बायका डोळे पुसतात. मीही पुसलेत.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप मात्र वेगळा आहे. खिडकीत पालथा ठेवलेला असतो. मी या घरात आले त्याच्या आधीपासून मावशी आहेत आणि तो कपही. यंदा मावशी त्यांच्या गावच्या दिंडीबरोबर निवृत्तिनाथांच्या यात्रेला गेल्या होत्या. नानाही गेले होते, आपल्या दिंडीबरोबर. महिनाअखेरीला नानांनी कॅलेंडर बघून मावशींचे दोन खाडे कापायला सांगितले. पगार मी देते, हिशेब ते ठेवतात. मी कापले.

मिस्टर म्हणतात, त्यांचं वय झालंय, सोडून दे. पण परवा माझी दहा वर्षांची मुलगी मावशींना चहा द्यायला गेली आणि तिने बरोबर खिडकीतला कप उचलला. तिला कोणीच काही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मला झोप नाही.

पुढच्या महिन्यात नानांचा अमृतमहोत्सव आहे. घरातलं कोणीतरी बोलावं म्हणून मंडळाने माझं नाव घातलंय. वाटतं, तिथेच सगळं सांगून टाकावं. पण सासूबाई अर्धांगाने अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा नानांनी त्यांचं सगळं स्वतःच्या हाताने केलं, हेही मी पाहिलंय. संध्याकाळी हरिपाठाला बसते, पण तोंडातून शब्द फुटत नाही. हे सगळंच खोटं आहे का?

– एक सून, सिडको, नाशिक

उत्तर

अमृतमहोत्सवाला अजून अवकाश आहे. मावशी उद्या सकाळी येतील. म्हणून आधी त्यांचं बोलू.

ते दोन दिवसांचे पैसे त्यांना परत द्या. पगाराच्या तारखेपर्यंत थांबू नका. देताना ‘मागचे राहिले होते’ असली पळवाटही नको. ‘कापायला नको होते, माझं चुकलं’ असं सरळ म्हणा. हिशेब नाना ठेवत असतील, पण पैसे तुमच्या हातून जातात आणि चहाही तुम्हीच ओतता. नवी सून म्हणून आलात तेव्हा या घरात तुमचा शब्द चालत नसेल, हे मी समजू शकते. आज तुम्ही कमावता, घर चालवता. नानांनी बदलायची वाट बघत बसण्याइतक्या तुम्ही आता हतबल नाही.

खिडकीतला कप काढून टाका आणि मावशींना घरातल्या कपात चहा द्या. त्या लगेच घेतील असं धरून चालू नका. इतकी वर्षं चाललेली गोष्ट एका सकाळी बदलली की पहिली धास्ती त्यांनाच वाटणार. नाना काय म्हणतील, हे घर सुटेल का, बाकीच्या घरांत बोलणं होईल का, असं त्यांच्या मनात येईल. आग्रह करून त्यांना अवघडवू नका. कामाला धक्का लागणार नाही एवढं सांगा आणि तो शब्द पाळा. यापुढे वारीची सुट्टी, आठवड्याची सुट्टी भरपगारी असेल, हेही आत्ताच ठरवून टाका. महाराष्ट्रात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ झालं आहे. मावशींची तिथे नोंदणी नसेल तर कामगार खात्याच्या कार्यालयात त्यांच्याबरोबर एकदा जाऊन या. तुम्ही पतसंस्थेत आहात, कागदपत्रांचं तुम्हाला अवघड नाही.

यातलं काहीही नानांच्या पाठीमागे करू नका. ते देवळात गेले की चांगला कप आणि ते दारात दिसले की पुन्हा खिडकीतला, असं सुरू झालं तर घरात आणखी एक सोंग वाढेल आणि ते सांभाळायचा भार परत मावशींवरच पडेल.

तुम्ही पत्रात मावशींची जात लिहिलेली नाही. कदाचित तुम्हाला ती माहीत नसेल, कधी विचारावीशी वाटली नसेल. नानांना ती माहीत असणार, असं मला वाटतं. वेगळा कप स्वच्छतेसाठी असतो असं सांगणारी घरं पुष्कळ आहेत. मग नळ दुरुस्त करायला आलेल्याला, सप्ताहाची पावती फाडायला आलेल्या कार्यकर्त्याला चहा कोणत्या कपात मिळतो? ज्या हातांनी घासल्यावर घरातली सगळी भांडी स्वच्छ होतात, त्याच हातांनी उचललेला कप तेवढा ओठाला लावण्यासारखा राहत नाही, याचा स्वच्छतेशी काही संबंध नाही. आणि ज्या माणसाने आजारी बायकोचं सगळं हाताने काढलं, त्याला घाणीची किळस नाही हे तर उघडच आहे. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि ती कोणत्याही स्वरूपात पाळायला मनाई केली. त्यात तुमच्या स्वयंपाकघरातली खिडकीही आली.

आपण तर नाशिकचे. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं नेटाने चालवला. त्या वर्षीच्या रामनवमीला रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगड पडले. देवळाचं दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. दाराच्या आतली माणसं देव न मानणारी नव्हती, हे मला सारखं आठवतं. रोज रामाची आरती करणारी होती ती. पंचवटीत राहणारी होती. शबरीने चाखून दिलेली उष्टी बोरं रामाने आनंदाने खाल्ली, ही गोष्ट त्यांनी आपल्या मुलांना कितीदा सांगितली असेल. गोष्ट सांगताना त्यांचा कंठही दाटून येत असेल. आणि दार बंद.

तुम्ही विचारता तो प्रश्न म्हणून फार जुना आहे. चोखोबांवर बोलताना ज्याचा आवाज कापरा होतो, त्याच्याच घरात हा कप कसा राहतो? नाना लोकांना फसवत आहेत असं मला वाटत नाही. फसवणारा माणूस सावध असतो, त्याने कप कधीच लपवला असता. माझ्या मते झालं आहे ते असं: रोज संध्याकाळी समतेवर बोलायचं, लोकांनी माना डोलवायच्या, शेवटी पाया पडायचं. बोलून मिळालेलं समाधान करून मिळालेल्या समाधानासारखंच लागतं, आणि बरीच वर्षं ते लागत राहिलं की करायचं राहून गेलंय हे ध्यानातच येत नाही. त्यातून बुवांना कोणी प्रश्न विचारत नाही. श्रोते विचारत नाहीत, टाळकरी विचारत नाहीत, घरातलेही विचारत नाहीत. एकादशीचा उपास नानांचा, पण साबुदाणा भिजवणारी, भगर करणारी, नंतर ती पातेली घासणारी माणसं वेगळी. ती कीर्तनाच्या पहिल्या रांगेत बसलेली नसतात.

पण म्हणून सांगितलेलं आचरणात न आणणारा प्रत्येक माणूस ढोंगी असतो असं मात्र मी म्हणणार नाही. राग आवरा असं सांगणारा माणूस घरी चिडतो. पहाटे उठा म्हणणारा काकड्याला झोपून राहतो. जो कोणी काही चांगलं शिकवतो, तो त्याच्या मागेच कुठेतरी चालत असतो. संतांनी स्वतःला पतित म्हणवून घेतलं ते उगाच नाही, आपल्यातली उणीव ते देवासमोर आणि लोकांसमोर मांडत होते. मी एवढंच बघते की सांगणं आणि वागणं यांत जे अंतर पडलं, त्याची किंमत कोण मोजतं. काकड्याला झोपून राहणाऱ्याचं नुकसान त्याचं त्यालाच. नानांच्या बाबतीत पुण्य नानांच्या खात्यावर जमा होतं आणि खाडा मावशींच्या पगारातून कापला जातो. एकाच समाधीच्या दर्शनाला दोघं पायी गेले. एकाची वारी झाली आणि दुसरीची गैरहजेरी. दुसऱ्याला भरावी लागते तेव्हा ती उणीव राहत नाही, अन्याय होतो, आणि त्याला ‘माणूस आहे, चालायचंच’ म्हणून सोडून देता येत नाही. मिस्टरांनाही हेच सांगा. सोडून देण्याचा अधिकार फक्त मावशींना आहे, आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही.

नानांशी बोला, पण एकट्याने, आणि कीर्तनाला निघायच्या गडबडीत नको. सकाळची पूजा आटोपून निवांत बसलेले असतात ती वेळ बरी. त्यांचेच अभंग त्यांच्या अंगावर फेकू नका. पाठांतरात तुम्ही त्यांना हरवू शकणार नाही आणि बोलणं मावशींवरून वादावर जाईल. साधं सांगा: ‘नाना, मावशींचे दोन दिवसांचे पैसे मी परत दिले. त्याही वारीलाच गेल्या होत्या. आणि आजपासून त्यांचा चहा आपल्या कपात.’ परवानगी मागण्याच्या सुरात नको, पण आवाज चढवूनही नको. ते म्हणतील, तुझ्या सासूच्या वेळेपासून चालत आलंय. तेव्हा मात्र एक विचारा. सासूबाई आजारी असताना त्यांच्या चादरी, कपडे रोज कोण धुत होतं? पत्रात तुम्ही ते लिहिलं नाही, पण धुण्याला मावशीच असतील तर उत्तर नानांनाही ठाऊक आहे. ज्या दुखण्यात नातेवाईक दारातून विचारपूस करून परत जातात, त्या दुखण्यात दोन माणसांचे हात राबले, नानांचे आणि मावशींचे. हे त्यांनी कधी असं जोडून पाहिलं नसेल. त्यांच्यात सेवाभाव नाही असं तुम्हाला म्हणायचं नाही, तो मावशींपर्यंत पोहोचलेला नाही एवढंच म्हणायचं आहे. असं बोललात तर त्यांना ऐकून घ्यायला जागा राहील.

ते चिडतील, चार दिवस बोलणार नाहीत, कदाचित त्या दिवशी चहा घेणार नाहीत. घेऊ द्या वेळ. कप मात्र परत खिडकीत जाता कामा नये.

मिस्टरांना या बोलण्याच्या वेळी शेजारी बसवा. वडील त्यांचे आहेत, ही जबाबदारी एकट्या सुनेने का उचलायची? वयाचं म्हणाल, तर निवृत्तीनंतर नाना कीर्तनकार झाले. त्या वयात एवढं पाठांतर, चाली, निरूपण शिकणाऱ्या माणसाला एक कप बदलणं शिकता येणार नाही, असं त्यांच्या मुलाने तरी म्हणू नये.

मुलीला भाषण देऊ नका. तिने नानांचं कीर्तन ऐकलंय आणि स्वयंपाकघरही पाहिलंय, आणि त्यातलं कोणतं खरं धरायचं हे तिचं तिने ठरवून टाकलंय. मुलं असंच ठरवतात. आता तिच्या डोळ्यांदेखत कप काढा. तिने विचारलं तर, आपण चुकीचं करत होतो, मावशींना वाईट वागवत होतो, असं तिला कळेल एवढ्याच शब्दांत सांगा. आजोबांबद्दल तिचं मन कलुषित करायची गरज नाही, पण आजोबांना वाचवण्यासाठी खोटंही बोलू नका. गाडगेबाबांचं तिला जरूर सांगा. नाशिकमध्ये त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, पूल आहे. गावात आले की ते आधी हातात झाडू घ्यायचे, दिवसभर गाव झाडायचे आणि मग संध्याकाळी कीर्तनाला उभे राहायचे.

आता हरिपाठ. तुमच्या पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण यात नुकसान तुमचं होतंय. ज्यांच्या दर्शनाला नाना पौषात चालत जातात, ते निवृत्तिनाथ कोण होते? संन्यास सोडून परत संसारात आलेल्या बापाचा मुलगा. त्या चार भावंडांना समाजाने वाळीत टाकलं होतं. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं तरी मुलांच्या माथ्यावरचा ठपका गेला नाही, शुद्धीसाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे त्यांना उभं राहावं लागलं, असं परंपराच सांगते. ज्या पोरांना गावाने बाहेर ठेवलं, त्यांतल्या थोरल्याला धाकट्याने गुरू केलं, आणि त्या धाकट्याचा हरिपाठ तुम्ही रोज संध्याकाळी म्हणता. चोखोबांची समाधी पंढरपुरात नामदेव पायरीजवळ आहे, देवळाच्या दाराबाहेर, कारण आत त्यांना घेतलंच नव्हतं. ते दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं, आणि तेही वारकऱ्यांच्याच महाराष्ट्रात. ही परंपरा उंबऱ्याबाहेर ठेवलेल्यांनी उभी केली. आत बसलेल्यांनी ती नंतर पाठ केली आणि आपली म्हटली. मग खिडकीतल्या कपापायी हरिपाठ तुम्ही का सोडावा? तो नानांचा नाही. तुमच्याइतकाच तो मावशींचाही आहे, त्याही माळ घालून चालत गेल्या होत्या. वर्षभर खाडा होईल या भीतीने जगणारी बाई खाडा होणार हे माहीत असूनही यात्रेला जाते, तिच्या भक्तीला खोटं म्हणायची माझी हिंमत नाही. शब्द फुटत नसेल तोवर नुसतं बसा. पैसे परत दिल्यावर, कप निघाल्यावर म्हणून बघा.

राहिला अमृतमहोत्सव. व्यासपीठावरून हे सांगू नका. नानांची लाज राखायला नव्हे. कार्यक्रम संपल्यावर लोक घरी जातील, आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्या सोसायटीत, शेजारच्या बिल्डिंगमध्ये मावशींचं नाव प्रत्येकाच्या तोंडी होईल. ‘तुझ्यामुळे बुवांची शोभा झाली’ हे ऐकून घ्यावं लागेल ते त्यांना. काम सुटलं तर त्यांचं सुटेल. त्यांना न विचारता त्यांच्या अपमानाची गोष्ट चारशे लोकांना सांगण्याचा अधिकार तुम्हालाही नाही.

खोटी स्तुतीही करू नका. ‘नाना बोलतात तसेच वागतात’ हे वाक्य तुमच्याकडून अपेक्षित असेल, आयोजक कदाचित लिहूनही देतील. ते म्हणू नका. तुमच्याकडे सांगण्यासारखी एक खरी गोष्ट आहे, सासूबाईंच्या आजारपणाची. ती सांगा. त्यात मावशींचा वाटा होता असं कळलं आणि मावशींची हरकत नसेल, तर त्यांचंही नाव आदराने घ्या, आणि त्या दिवशी त्यांना पाहुण्या म्हणून बोलवा, पंगतीत तुमच्या शेजारी बसवा. वाढायला किंवा ताटं उचलायला मुळीच नाही. हे सगळं आधी नानांना सांगून करा.

महिनाभरात घरात काहीच हललं नाही, नाना हट्टाला पेटले, तर बोलायला नकार द्या. प्रकृतीचं कारण नको. ‘मला बोलायचं नाही’ एवढं पुरे. फक्त मंडळाला आठ दिवस आधी कळवा, म्हणजे पत्रिकेत तुमचं नाव छापलं जाणार नाही.